पडद्याची घट

पूर्वी भोगवर्धन नगरात अंशुवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने चांदीचा व्यापार करणाऱ्या एका घरात जन्म घेतला. त्या जन्मी त्याचे नाव सोमिल होते. वडील वारल्यावर रुपेआळीतली पेढी त्याच्याकडे आली, तेव्हा त्याला मिसरूडही धड फुटले नव्हते.

रुपेआळी म्हणजे नगरातली चांदीच्या पेढ्यांची आळी. तिच्या पुढच्या अंगाला समया, तांबे, करंडे मांडलेले असत आणि लग्नघरच्या मंडळींचा कलकलाट चालू असे. मागच्या अंगाला एक अरुंद बोळ होता. घरातली चांदी विकण्याची पाळी ज्यांच्यावर येई, ते त्या बोळातून येत. त्या नगरात घरची चांदी विकणे म्हणजे घर बुडाल्याची दवंडी पिटण्यासारखे होते. म्हणून जुन्या काळी कोणा भल्या व्यापाऱ्याने एक रीत घालून दिली होती.

बोळातल्या दारांवर कसलीही खूण नसे. कोणते दार कोणाच्या पेढीचे, हे बाहेरच्याला कळत नसे. आत एक चौरंग आणि समोर जाड पडदा. पडद्याला खाली एक फट होती, तबक सरकेल एवढी. विकणाऱ्याने तबकात चांदी ठेवून पलीकडे सरकवायची. व्यापाऱ्याने ती तोलून त्याच तबकात नाणी ठेवायची आणि परत सरकवायचे. तोंड पाहायचे नाही. आवाज ओळखू येऊ नये म्हणून दोघांपैकी कोणी बोलायचेही नाही. भाव पटला तर चौरंगावर एकदा टकटक करायची, पटला नाही तर दोनदा.

ओळखीचा तांब्या उद्या दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात दिसायला नको, म्हणून बोळाच्या तोंडाशी एक मोठा काळा दगड ठेवलेला होता. विकणाऱ्याने आपली चांदी आधी त्या दगडावर हातोडीने चेपायची आणि मगच आत यायचे. व्यापाऱ्याने चेपलेला डाग, मग तो भांडे असो की दागिना, उघडून पाहायचा नाही. तो तसाच मुशीत, म्हणजे चांदी वितळवण्याच्या मातीच्या भांड्यात, टाकायचा.

रीत किती मायेची होती, पाहा. आणि पुढे लोकांनी तिचे काय करून ठेवले, तेही पाहा.

आळीचा प्रमुख पूर्णक नावाचा व्यापारी होता. तरुणपणी तो नगरातला पहिल्या प्रतीचा कारागीर होता. त्या दिवसांत वितळलेली चांदी सांडून त्याचा उजवा अंगठा पोळला होता आणि तेव्हापासून त्याचे नख मधोमध दुभंगून वाढत असे. पुढे पैसा आला आणि हातोडी सुटली. सोमिलच्या वडिलांचा तो स्नेही. स्नेह्याचा मुलगा पेढीवर बसला, तेव्हा चार गोष्टी शिकवाव्यात म्हणून तो आपण होऊन आला.

"पुढच्या दारानं विकतो, तेव्हा आपण चांदीचा भाव घेतो आणि वर घडणावळही घेतो," पूर्णक म्हणाला. "मागच्या दारानं विकत घेतो, तेव्हा घडणावळ धरायची नाही. चेपलेल्या भांड्याला कसली आलीय घडणावळ? मग डाखाची घट कापायची, कारण जोडाला डाख लावलेला असतो आणि त्यात तांबं असतं. मग मुशीची घट, कारण थोडी चांदी मुशीला चिकटते. ती मूस आपण मागाहून फोडून धुऊन घेतो, ते वेगळं."

"आणि एवढं झाल्यावर?" सोमिलने विचारले.

"एवढं झाल्यावर पडद्याची घट."

"ती कशाबद्दल, काका?"

पूर्णक गालात हसला. "पलीकडच्या माणसाला एकच घाई असते, कोणी पाहायच्या आत बोळातून निसटायची. आधी अगदी थोडं ठेव. तो दोनदा टकटक करील. मग चिमूटभर वाढव आणि हात आखडून बस. त्यापुढे कोणी घासाघीस करीत नाही. लाज वाटते ना! आपला खरा नफा त्या लाजेत आहे पोरा, चांदीत नाही. आणि हे आळीबाहेर बोलायचं नाही."

सोमिल चरकला. आपले वडीलही हेच करीत होते काय, हे विचारण्याचे त्याला धाडस झाले नाही. त्याने आपल्या पेढीवर पडद्याची घट कधी कापली नाही. बाकीच्या घटी मात्र तो इतरांसारख्याच कापी आणि पडदा ही दयेची गोष्ट आहे असेच समजे. पडद्याच्या पलीकडे जाऊन बसावे, हे त्यालाही सुचले नव्हते.

पूर्णकाला उत्पला नावाची एकुलती मुलगी होती. तिची आई लवकर गेली आणि बापाने तिला तळहातावरच्या फोडासारखे जपले. रोज दोघे शेजारी जेवायला बसत आणि पूर्णक दिवसभराच्या गमती सांगे. आज पडद्यापलीकडे कोणी कसे हुंदके दिले, कोण कसे थोडक्या पैशांत कबूल झाले, सारे रंगवून सांगे. शेवटी हात धुताना त्याचे ठरलेले वाक्य असे, "त्या चौरंगावर जो बसला तो संपला. माझ्या घरचं कोणी तिथं बसलं, तर ते माझ्या घरचं नाही." लहानगी उत्पला खदखदून हसे. तिला वाटे, चौरंग ही काहीतरी भुताखेताची जागा असावी.

मोठी झाल्यावर तिचे लग्न दोन दिवसांच्या वाटेवरच्या एका गावी, वरुणदत्त नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याशी झाले. बापाने गाडीभर चांदी दिली. घर सुखाचे होते. काही वर्षांनी तिला दिवस गेले, तेव्हा पूर्णकाने आळीत साखर वाटली.

एके दिवशी दुपारी पूर्णकाच्या पडद्याखालून तबक आले. चांदी बरीच होती आणि सगळी ठोकून चपटी केलेली. पूर्णकाने तोलले आणि नेहमीप्रमाणे थोडीशी नाणी ठेवून तबक सरकवले. पलीकडून दोनदा टकटक झाली. त्याने हात फटीपर्यंत नेऊन आणखी काही नाणी टाकली. मग नुसती शांतता. इतका वेळ शांतता, की माणूस आहे की उठून गेला अशी त्याला शंका आली. आणि मग एकदा, अगदी हळू, टकटक झाली. सौदा पटला होता. पूर्णक खूश झाला. इतका स्वस्त सौदा त्याला बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता.

थोड्या वेळाने सोमिलच्या पडद्याखालून तबक आले. त्यात एक चेपलेला कमरपट्टा होता. सोमिलने तोलले, हिशेबाने होतील तेवढी नाणी ठेवली आणि तबक सरकवले. पलीकडून दोनदा टकटक झाली. तबक परत आले आणि त्यातली काही नाणी वेगळी काढून बाजूला ठेवलेली होती. विकणाऱ्याने पैसे परत केल्याचे सोमिलने कधी पाहिले नव्हते. तो इतका गोंधळला की रीत विसरून बोलून गेला, "हे कशाला परत केलंत?"

पडद्याआडून एका बाईचा खालचा आवाज आला. "पडद्याची घट कापायची राहिलीय, दादा. चुकून जास्त आलेलं मला नको."

सोमिलच्या हातातला तराजू खाली पडला. आळीबाहेरच्या माणसाच्या तोंडी हे शब्द असणे शक्य नव्हते.

"ताई, मी ती घट कापत नाही. पण तुम्हाला ती कशी ठाऊक?" दाबलेला हुंदका तेवढा ऐकू आला. "मी तिकडे येऊ का?" त्याने विचारले. बऱ्याच वेळाने एकदा टकटक झाली.

सोमिल बोळातून वळसा घालून आत गेला. चौरंगावर उत्पला बसली होती. पोट पुढे आलेले, पदर धुळीने माखलेला, हातोडी धरून तळहातांना फोड आलेले. लहानपणी ज्या पोरीबरोबर तो आळीत लपंडाव खेळला होता, तिला तो क्षणभर पाहतच राहिला. मग तो तिच्यापाशी जमिनीवर बसला.

"यांना घाटातल्या चोरांनी धरलंय," ती म्हणाली. "उद्या सूर्य मावळायच्या आत खंडणी पोचली नाही, तर मारून दरीत टाकतील. घरातली सगळी चांदी आणली. तीच पुरेल असा माझा अंदाज होता. मी चांदीवाल्याची मुलगी, माझा अंदाज चुकायचा नाही. पण शेजारच्या दारात पाव किंमतसुद्धा मिळाली नाही."

"मग घेतलंत कशाला? दोनदा टकटक का नाही केली?"

"केली ना. तेव्हा त्यांनी हात पुढे केला." तिने पडद्याच्या फटीकडे बोट दाखवले. "इकडून हात दिसतात, दादा. अंगठ्याचं नख दुभंगलेलं होतं."

सोमिलने वाकून फटीतून पाहिले. पलीकडे त्याची स्वतःची बैठक दिसत होती, पडलेला तराजू दिसत होता, आणि जिथे रोज त्याचे हात असत ती जागा अगदी स्वच्छ दिसत होती. इतकी वर्षे तो समजत होता की पडद्याने दोन्ही बाजू झाकल्या जातात. झाकली जात होती ती फक्त एकच बाजू. व्यापाऱ्याला काही दिसत नव्हते आणि विकणारा मात्र आपल्याला लुबाडणारे हात पाहत बसत होता.

"तुम्ही हाक का नाही मारलीत? बाप आहेत ते!"

"त्या चौरंगावर जो बसला तो त्यांच्या घरचा नाही. हे मी रोज जेवताना ऐकत मोठी झाले. हसायचेसुद्धा. मी आता बसले ना. त्यांना सांगू नका, दादा. माझं नाव तुमच्या तोंडून त्यांच्या कानावर जायला नको. शब्द द्या."

सोमिलने शब्द दिला. कमरपट्ट्याचे पैसे धरूनही बरेच कमी पडत होते. ते त्याने आपल्या पेटीतून काढून दिले. पेटी रिकामी झाली. आपली गाडी जोडून, दोन विश्वासू गडी बरोबर देऊन त्याने तिला तिथूनच घाटाकडे रवाना केले. मग तो पुढच्या बाजूने पूर्णकाच्या पेढीवर गेला.

भट्टी पेटली होती. चेपलेली चांदी तबकात होती आणि पूर्णक मूस तापायची वाट पाहत होता.

"ये, ये! आज काय हात मारलाय बघ," तो म्हणाला. "अशी गाडीभर माणसं बुडाली ना, की आपल्या सात पिढ्यांची सोय होईल!"

ज्याला काहीच ठाऊक नाही अशा माणसावर रागावणेही सोमिलला जड गेले.

"काका, कोण असेल हो तो माणूस?" त्याने विचारले.

"मला काय करायचंय? ते पाहायचं नाही, म्हणून तर पडदा आहे."

"एक मागू का? मुशीत टाकायच्या आधी यातला एक डाग तुम्ही आपल्या हातानं सरळ करा. कोणताही. तो सरळ झाल्यावरही मुशीत टाकावासा वाटला, तर माझी पेढी तुमची."

पूर्णक चमकला. सोमिलची पेढी त्याच्या पेढीला लागून होती आणि मधली भिंत पाडून आळीतले सर्वांत मोठे दुकान करायचे, हे त्याच्या मनात कधीपासून होते. "चेपलेला डाग उघडायचा नाही, अशी रीत आहे," तो म्हणाला खरा, पण त्याची नजर त्या भिंतीकडे गेली होती. "तू शब्द फिरवशील."

"अग्नीसमोर सांगतो आहे."

झाले. ज्या रितीच्या आड त्याने जन्मभर नफा कमावला, ती रीत त्याने एका भिंतीसाठी मोडली. त्याने तबकातून सर्वांत लहान डाग उचलला, कारण तो लवकर सरळ झाला असता. जुना चिमटा आणि लाकडी हातोडी मागवून घेतली. बऱ्याच वर्षांनी हातात हत्यार आले होते, पण हात विसरले नव्हते. चपटा गोळा हळूहळू फुगू लागला. आधी दांडी सुटी झाली. मग डोके गोल होऊ लागले. त्यावर कोरलेली कमळाची पाकळी दिसली, मग दुसरी.

तोवर पूर्णक गुणगुणत होता. तिसऱ्या पाकळीला तो गप्प झाला. तिसरी पाकळी जराशी वाकडी होती.

ती वाकडी होती, कारण तो ती कोरत असतानाच मुलगी झाल्याचे सांगत बायका बाहेर आल्या आणि त्याचा हात आनंदाने हलला होता.

त्याने शेवटचा पोचा आतून उचलला, आणि चेपून अडकलेले नदीतले बारीक खडे सुटे झाले. खुळखुळा वाजला.

पूर्णकाने सोमिलकडे पाहिले, तबकाकडे पाहिले. तबकातल्या प्रत्येक चपट्या तुकड्याचा आकार आता त्याला दिसू लागला. हा तिचा तांब्या. ही लग्नातली समई. हे अत्तरदाण. हे सारे त्यानेच दिलेले होते आणि ते सारे त्यानेच पाव किमतीहूनही कमीत विकत घेतले होते. चटका बसावा तसा त्याने खुळखुळा टाकला, आणि पडताना तो पुन्हा वाजला.

"उत्पले!" तो ओरडला आणि मागच्या दाराने बोळात धावला. बोळ रिकामा होता. काळ्या दगडाच्या खाचांत चांदीचा चुरा चमकत होता. तो त्या दगडावरून हात फिरवत राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटले, शेठला वेड लागले. मग तो आपल्याच मागच्या दारातून आत शिरला आणि मटकन चौरंगावर बसला. त्या चौरंगावर तो आयुष्यात पहिल्यांदा बसत होता.

बसल्यावर त्याची नजर फटीवर गेली. पलीकडे सोमिल जमिनीवर पडलेला खुळखुळा उचलून तबकात ठेवत होता.

"सोमिला," पूर्णक घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हलू नकोस. तुझे हात तसेच ठेव."

सोमिलने हात तसेच ठेवले.

"इकडून हात दिसतात."

"होय, काका."

"नखंसुद्धा?"

सोमिलने ज्याबद्दल शब्द दिला होता, ते त्याने सांगितले नाही. पण विचारलेल्या प्रश्नाला खोटे उत्तर देणे त्याला शक्य नव्हते.

"नखंसुद्धा," तो म्हणाला.

पूर्णकाने आपला उजवा अंगठा डोळ्यांसमोर धरला. तिने ओळखले होते. ओळखून ती गप्प राहिली होती, आणि गप्प राहून तिने एकदा टकटक केली होती. ती लांबलचक शांतता त्याला आता पुन्हा ऐकू आली. पडद्यामागून जे रडणे त्या दिवशी ऐकू आले, तसे रडणे रुपेआळीने त्यापूर्वी कधी ऐकले नव्हते.

खंडणी वेळेवर पोचली आणि वरुणदत्त जिवंत सुटला. उत्पला त्याला घेऊन परस्पर आपल्या गावी गेली. माहेरची वेस तिने ओलांडली नाही.

पूर्णकाने ती चांदी मुशीत टाकली नाही. त्याने पेढी बंद ठेवली आणि एकेक डाग सरळ करीत बसला. म्हाताऱ्या डोळ्यांना झेपेल तसे काम चाले. सोमिल रोज येऊन त्याचा भाता ओढी. सगळे डाग पूर्वीसारखे झाले तेव्हा पूर्णक ते गाडीत घालून मुलीच्या गावी निघाला. खुळखुळा तेवढा त्याने हातात धरला होता.

तो पोचला तेव्हा दार बंद होते आणि आतून तान्ह्या मुलाचे रडणे ऐकू येत होते. हाक मारायला त्याने तोंड उघडले आणि मिटले. कोणत्या तोंडाने हाक मारायची? त्याने गाडीतली चांदी उंबऱ्यापाशी मांडून ठेवली. मग तो गुडघे टेकून बसला, दाराखालच्या फटीतून खुळखुळा आत सरकवला आणि आपला दुभंगलेल्या नखाचा हात तिथेच, आतून दिसेल असा, ठेवून दिला.

आत पावले वाजली आणि थांबली. फार वेळ काही झाले नाही. म्हाताऱ्याने हात मागे घेतला नाही.

मग दारावर आतून टकटक झाली. एकदाच.

दार त्या दिवशी उघडले नाही. पण पूर्णक परत जाताना आतून खुळखुळ्याचा आवाज आला आणि मूल रडायचे थांबले.

रुपेआळीत सोमिलने पडदे तसेच ठेवले, कारण लाज झाकणे ही चांगलीच गोष्ट होती. पण तराजू त्याने फटीच्या पुढे, विकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मांडला, आणि पेढीवर बसणाऱ्या प्रत्येक नव्या व्यापाऱ्याने पहिला दिवस पलीकडच्या चौरंगावर काढायचा, अशी रीत घातली. पूर्णक मरेपर्यंत त्या रितीची राखण करीत राहिला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वाने, जेतवन विहारात सांगितली. त्याचे असे झाले, की उत्तिय नावाचा एक भिक्षू नगरात भिक्षेला गेला असता एका घरात पाळण्याशी खुळखुळा वाजला. त्यासरशी त्याच्या हातातले पात्र गळून पडले आणि तो उंबऱ्याशी थरथर कापत उभा राहिला. आपल्याला काय झाले, हे त्याचे त्यालाही सांगता येईना. भिक्षूंनी ही हकीकत सांगितली तेव्हा शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, या आवाजाने तो आजच हादरला असे नाही."

कथा संपल्यावर शास्त्यांनी पूर्वजन्म उलगडले. "त्या वेळचा पूर्णक म्हणजे हा उत्तिय. त्या वेळची उत्पला म्हणजे आज ज्या घरी खुळखुळा वाजला, त्या घरातली उपासिका पद्मा. तिने सांडलेली भिक्षा गोळा केली आणि काही न विचारता नवी वाढली. आणि सोमिल तो मीच होतो. दुसऱ्याच्या बाजूला जाऊन बसल्यावाचून त्याचे दुःख दिसत नाही, हे मी त्या जन्मी शिकलो. त्या बसण्याचे नाव मैत्री."

उत्तियाने हात जोडले. त्याची नजर आपल्या उजव्या अंगठ्यावर गेली. नख धड होते. तरीही तो ते पुष्कळ वेळ पाहत राहिला.